देवाने घेतलेली पावती

गोवळकोंड्याच्या किल्ल्यात बालाहिसाराकडे चढणाऱ्या वाटेवर एक अंधारी कोठडी आहे. वाटाडे तिला रामदासाचा बंदिखाना म्हणतात आणि तिच्या भिंतीवर कोरलेल्या राम, लक्ष्मण, सीता व हनुमंत यांच्या ओबडधोबड आकृती प्रवाशांना दाखवतात. हा रामदास सज्जनगडचा नव्हे, हे मराठी यात्रेकरूंना दर वेळी सांगावे लागते. हा कंचर्ला गोपण्णा. कुतुबशाहीचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशहा याच्या अमदानीत पाल्वंचा परगण्याचा तहसीलदार, आणि ज्या अक्कण्णा-मादण्णांच्या कारभारात १६७७ साली शिवछत्रपती भागानगरास येऊन तानाशहास भेटले, त्या बंधूंचा भाचा. सरकारी वसुलाचा पैसा खजिन्यात न भरता त्याने गोदातीरी भद्राचलम येथे रामाचे देऊळ बांधण्यात खर्ची घातला, आणि त्या अपराधाबद्दल सुमारे बारा वर्षे तो या कोठडीत राहिला. पुढची हकिगत तेलंगणात लहान मूलही सांगेल: एका रात्री दोन तेजस्वी तरुण सुलतानाच्या शयनगृहात प्रकटले, आपण गोपण्णाचे चाकर आहोत असे त्यांनी सांगितले, सहा लाख मोहोरा मोजून दिल्या, भरपाईची पावती मागून घेतली, आणि ती बंदिवानाच्या उशाशी ठेवून ते अंतर्धान पावले.

या कथेतील भक्ती, सुलतानाला घडलेले दर्शन, त्याला नंतर झालेला पश्चात्ताप, हे सारे रसाळ आहे. परंतु माझे मन अडते ते त्या पावतीपाशी. ज्या रामाच्या ठायी पाषाणाची अहल्या करण्याचे सामर्थ्य आहे, त्याला कोठडीची भिंत पाडता आली नसती काय? सुलतानाचे मन पालटून बाकी माफ करवता आली नसती, की दफ्तरखान्याला आग लावून वसुलाची कागदपत्रेच भस्म करता आली नसती? यातले काही एक न करता तो रक्कम पुरी भरतो आणि एखाद्या व्यवहारदक्ष कारकुनाप्रमाणे पावती घेतल्यावाचून जागचा हलत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्याकडे याहून परिचित आहे. दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांस खुली केल्याबद्दल बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले, तेव्हा विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत दरबारी भरली, आणि रकमेची पावती पंतांच्या गीतेच्या पोथीत सापडली. भाषा वेगळी, दैवत वेगळे, शतक वेगळे. पावती मात्र दोहींकडे आहे. त्यात आणखी तुकोबांची गोष्ट घ्यावी. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली हे सर्वांस ठाऊक असते, पण ती बुडवण्यापूर्वी त्यांनी धाकट्या भावाशी वाटणी केली आणि केवळ आपल्या वाट्याची खते बुडवली, कान्होबाच्या वाट्याची त्याच्या हाती ठेवली, हा परंपरेने जपलेला तपशील कीर्तनाच्या भरात वाहून जातो. स्वतःचे येणे सोडून देण्याचा अधिकार वैराग्याला आहे. दुसऱ्याचे येणे बुडवण्याचा नाही.

हा विचार मनात घोळू लागला त्याला निमित्त झाले काचीगुड्यात राहणारे माझ्या परिचयाचे एक गृहस्थ. निजामाच्या काळी नोकरीनिमित्त मराठवाड्यातून हैदराबादेत येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांपैकी त्यांचे एक. आजोबा रेल्वेत, वडील विवेकवर्धिनी शाळेच्या परिसरात वाढलेले, आणि ते स्वतः माधापुरातील एका कंपनीत हिशेबनीस. वडिलांचे दीर्घ आजारपण व बहिणीचे लग्न एकाच वर्षी आले, आणि पाच लाख रुपयांचे वैयक्तिक कर्ज, सालीना शेकडा चौदा दराने पाच वर्षांच्या मुदतीवर, त्यांनी काढले. हप्ता दरमहा ११,६३४ रुपये. पहिल्या हप्त्यातील ५,८३३ रुपये व्याजात गेले व मुद्दलातून केवळ ५,८०१ रुपये वजा झाले, हे विवरणपत्रात पाहिल्या दिवसापासून त्यांनी एक वही घातली. ती मी पाहिली आहे. तांबड्या पुठ्ठ्याची, लांबट, बेगम बाजारातील दुकानदार वापरतात तशी. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे: दूध, कोथिंबिरीची जुडी, मेट्रोच्या कार्डात भरलेले शंभर, गॅसचे सिलिंडर, मुलीच्या शिकवणीची फी, ‘इराणी चहा दोन’. त्या दोन चहांपैकी एकावर काट मारून पुढे लिहिलेले होते, ‘मित्राने दिला’. महिन्याच्या आरंभी प्रत्येक खात्यास रक्कम नेमून द्यावयाची, रोज रात्री जेवणानंतर दिवसाचा खर्च त्यातून वजा करावयाचा, आणि महिनाअखेरीस जी काही शिल्लक राहील ती हप्त्याव्यतिरिक्त मुद्दलात भरावयाची, असा त्यांचा क्रम.

एके दिवशी ते मला म्हणाले, “काका, सकाळी देवापुढे बसलो तरी डोळ्यांसमोर वहीच येते. भाजी घेताना, बोलताना, झोपताना पैशाचेच चिंतन. वडील म्हणत, द्रव्याचा ध्यास लागला की परमार्थ संपला. मग हे जे मी करतो आहे, ते अधःपतनच नव्हे काय?”

प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही, कारण आपल्या धर्मग्रंथांत द्रव्यचिंतनाची निंदा ठायी ठायी आहे. पण त्याच ग्रंथांत ऋणाचा विचार किती आधी व किती खोल येतो, हेही पाहिले पाहिजे. तैत्तिरीय संहिता सांगते की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो, ऋषींचे, देवांचे व पितरांचे. शतपथ ब्राह्मणाने त्यात मनुष्यांचे चौथे ऋण घातले. मनूच्या मते ही ऋणे फेडल्यावाचून मोक्षाकडे मन वळवणाऱ्याची अधोगतीच होते. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात तर इहलोकी, परलोकी व त्याहीपलीकडच्या लोकी अनृण होण्यासाठी स्वतंत्र सूक्ते आहेत, आणि तेथील ऋण हे यज्ञयागाचे रूपक नसून, उसन्या घेतलेल्या वस्तूचे व धान्याचे साधे देणे आहे. नारदस्मृतीचा निर्णय सर्वांत कठोर: तपस्वी किंवा अग्निहोत्री ऋण डोक्यावर ठेवून मेला, तर त्याचे सारे तप व सारे अग्निहोत्र धनकोच्या मालकीचे होते. म्हणजे जन्मभर केलेल्या साधनेवर पहिला बोजा सावकाराचा. परमार्थाची इमारत उभी राहावयाची ती ज्या जमिनीवर, तीच गहाण पडलेली असेल तर कळसावर सोने चढवून काय होणार!

व्याजाच्या दराविषयी येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. वसिष्ठाच्या नावे मनुस्मृतीने सांगितलेला दर मूळ रकमेचा ऐंशीवा भाग दरमहा, म्हणजे सालीना शेकडा पंधरा. आमच्या गृहस्थांची बँक वसिष्ठाहून टक्काभर सौम्य निघाली. पुढे वर्णपरत्वे दोन, तीन, चार व पाच टक्के दरमहा अशी चढती श्रेणी येते, जिची अनीती आज कोणासही सांगावयास नको. क्रेडिट कार्डाच्या थकलेल्या रकमेवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकारणी होते, तेव्हा कार्डाने वर्णभेद मोडून सर्व ग्राहकांस क्षत्रिय व वैश्य यांच्या मधोमध आणून बसवले आहे, एवढेच म्हणता येईल.

आता मूळ प्रश्नाकडे. त्याचे उत्तर, माझ्या मते, एकनाथांच्या एका आख्यायिकेत आहे. आणि ज्या देवगिरीच्या किल्ल्यावर ती घडली तो आमच्या या हैदराबाद संस्थानातच कैक पिढ्या होता, म्हणून येथील मराठी माणसास ती घरची वाटते. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. शिष्याकडे त्यांनी हिशेबाचे काम सोपवलेले. एके रात्री ताळमेळ जमेना, एका पैची चूक राहिली. नाथ दिव्याजवळ बसून पुन्हा पुन्हा रकमा तपासत राहिले, तेल सरले, पुन्हा घातले, मध्यरात्र उलटली, आणि ती पै सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले व म्हणाले, एका पैची चूक सापडल्याचा इतका आनंद, मग संसाराचीच चूक सापडली तर किती होईल! कीर्तनकार येथे थांबतात आणि श्रोत्यांस हिशेबाकडून हरीकडे वळण्याचा उपदेश करतात.

हा अर्थ मला अपुरा वाटतो. ती पै नाथांची नव्हती आणि तिच्या अभावी कोणाचे काही अडलेही नसते. पदरची एक पै टाकून वही मिटवणे, हा मार्ग कोणत्याही कारकुनाला सुचतो, आणि नाथांना तो सुचला नसेल असे मानणे हा त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. तरीही ते रात्रभर जागले, कारण पै भरून दिल्याने बेरीज जुळली असती, चूक मात्र खोटेपणाने झाकली गेली असती. त्यांना हवी होती ती पै नव्हती. घडले ते जसे घडले तसे कागदावर यावे, एवढीच त्यांची आस होती, आणि हिला सत्याची आस म्हणावयाचे नाही तर कशाला? लोभी माणूसही पैसे मोजतो, पण ते वाढावेत म्हणून. येथे मोजणे आहे ते यथार्थ असावे म्हणून. जनार्दनस्वामींनी शिष्याला हिशेबावरून उठवले नाही, इतकेच नव्हे तर स्वतः किल्लेदारी सांभाळूनच ते अध्यात्मात मुरलेले होते. त्या टाळीत त्यांनी साधकाची एकाग्रता ओळखली, आणि जी वृत्ती पैच्या शोधात इतकी निर्मळ राहू शकते, तीच पुढे मोठ्या शोधाला लागेल, असा भरवसा त्यांना आला असावा. मी त्या गृहस्थांना म्हटले, तुम्ही चहाच्या नोंदीवर काट मारून ‘मित्राने दिला’ असे लिहिता, तेव्हा पैशाचे चिंतन करीत नसता.

ऋणाच्या मुळाशी असलेला प्रश्न तात्त्विक आहे, आणि तो दक्षिणापथाच्या याच भागात फार पूर्वी विचारला गेला. हैदराबादेच्या दक्षिणेस, कृष्णेच्या खोऱ्यात, जी नागार्जुनकोंडा आज धरणाच्या जलाशयात बेट होऊन राहिली आहे, तिच्याशी परंपरा आचार्य नागार्जुनाचे नाव जोडते. त्याच्या मूलमध्यमककारिकेच्या सतराव्या प्रकरणात एक पूर्वपक्ष असा येतो: कर्म केले त्या क्षणीच संपते, मग त्याचे फळ कालांतराने कसे मिळते? पूर्वपक्षी उत्तर देतो की कर्म हे ऋणासारखे असते, आणि घेतलेला पैसा खर्चून गेला तरी कर्जरोखा जसा उरतो, तसे कर्माचे काहीतरी अविनाशी उरते. नागार्जुनाने हे मत अखेर स्वीकारले नाही, पण दृष्टान्त मात्र अचूक निवडला आहे. लग्नाचा मांडव उतरला, जेवणावळी उठल्या, ज्यासाठी कर्ज काढले ते सारे भूतकाळात गेले. उरला तो कागद आणि त्यावरची सही. ज्याने सही केली तो मनुष्य आणि आज पाच तारखेला हप्ता भरणारा मनुष्य एकच आहेत काय? चार्वाकाला ऋण काढून तूप पिण्यात दोष दिसला नाही याचे कारणही हेच, की देह भस्म झाल्यावर देणेकरी उरतो कोण, असे तो विचारीत होता. त्याचे तर्कशास्त्र निर्दोष आहे. फरक इतकाच की आपण मरणापर्यंत थांबत नाही, महिनाअखेरीसच चार्वाक होतो, आणि पहिल्या तारखेचा आपला संकल्प वीस तारखेला दुसऱ्याच कोणीतरी केला होता असे वागतो. रोजची नोंद करणारा मात्र कालच्या स्वतःला आजच्या स्वतःशी बांधून घेत असतो. आत्मा नित्य आहे की नाही याचा निवाडा आचार्य करोत. वचन पाळणाऱ्याला आपले एकत्व रोज नव्याने सिद्ध करावे लागते, आणि या कामी तांबड्या पुठ्ठ्याची वही पुष्कळ उपयोगी पडते.

चारमिनारच्या छायेत वाढलेल्या माणसाला या बाबतीत शेजारधर्माचाही विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. कुराणातील सर्वांत दीर्घ आयत प्रार्थनेविषयी नाही व स्वर्गाविषयीही नाही. देण्याघेण्याचा व्यवहार मुदतीसह लेखी करावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि साक्षीदार ठेवावेत, याविषयी ती आहे. तिच्या अलीकडेच अडचणीतल्या ऋणकोला सवड द्यावी, आणि सोडून दिले तर अधिक बरे, असे सांगितले आहे. हदीसमध्ये नोंद आहे की देणे डोक्यावर ठेवून गेलेल्याची जनाज्याची नमाज पैगंबरांनी स्वतः पढवली नाही, दुसऱ्या एकाने ते देणे अंगावर घेतले तेव्हाच पढवली. नारदाचा अग्निहोत्री आणि हा मृत मनुष्य यांची गाठ पडली असती तर त्यांना एकमेकांची व्यथा दुभाष्यावाचून कळली असती.

परंतु सर्व हिशेब खरे नसतात, आणि वहीपुढे मस्तक टेकवणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे. वऱ्हाडच्या माणसाला हे सांगावयास नको. जी कंटिंजंट फौज इंग्रजांच्या हुकमतीखाली होती तिचा खर्च निजामाच्या नावे चढत गेला, थकबाकी वाढली, आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड, नळदुर्ग व रायचूर दुआब हा मुलूख कंपनीच्या हवाली करावा लागला. त्याच वर्षी चोवीस वर्षांचा सालारजंग दिवाण झाला व मोडकळीस आलेला जमाखर्च त्याने पुढे तीस वर्षे नेटाने सावरला. १८६० मध्ये पन्नास लाखांचे देणे माफ झाले आणि वऱ्हाडावाचून बाकीचा मुलूख परत मिळाला. येथे ना राम आला ना विठ्ठल. १८५७ च्या धामधुमीत केलेल्या साहाय्याची ती किंमत होती. असल्या कर्जाला पवित्र मानणे म्हणजे लेखणी धरणाऱ्यालाच देव मानणे होय. स्मृतिकारांनाही ही भीती होती, म्हणूनच त्यांनी दामदुपटीचा नियम घातला: एकरकमी घ्यावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये. २०१० साली, याच शहरात मुख्यालये असलेल्या सूक्ष्मकर्ज संस्थांच्या आठवडी वसुलीने खेड्यापाड्यांतील बायकांवर प्रसंग गुदरले, आत्महत्या झाल्या, तेव्हा त्या वेळच्या अखंड आंध्र प्रदेशाने केलेल्या कायद्यात व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करू नये हेच कलम पुन्हा आले. मनूचे नाव तेवढे नव्हते. तेव्हा आपले देणे पैपैने लिहिणाऱ्याला सावकाराची चूकही पैपैने दाखवता येते, हा वहीचा दुसरा गुण. आमच्या गृहस्थांनी दोनदा आकारलेले विलंबशुल्क असेच शोधून परत मिळवले, आणि त्या रात्री त्यांनी टाळी वाजवली की नाही हे मी विचारले नाही.

तिरुपतीच्या व्यंकटेशाबद्दल तेलुगू घरांत जी कथा सांगतात तिच्यापुढे मात्र सारे तत्त्वज्ञान मला फिके वाटते. पद्मावतीशी विवाह करण्यासाठी देवाने कुबेराकडून कर्ज घेतले. त्याचे व्याज कलियुग संपेपर्यंत फिटावयाचे आहे, आणि भक्तांनी हुंडीत टाकलेला पैसा त्या व्याजाकडे जातो. पायथ्याच्या देवळात थोरला भाऊ गोविंदराज पहुडला आहे तो उशाला माप घेऊन; लग्नाचे पैसे मोजता मोजता थकला म्हणतात. लग्नखर्चापायी कर्जबाजारी झालेला, युगानुयुगे हप्ते भरणारा आणि त्याबद्दल किंचितही न लाजणारा हा देव लाखो कर्जदारांस इतका आपला वाटतो, यात नवल नाही. कर्ज असणे ही अप्रतिष्ठा नव्हे, हे आमच्या नीतिग्रंथांपेक्षा त्याने अधिक स्पष्ट सांगितले आहे.

गृहस्थांनी पुढे विचारले की कर्ज फिटेपर्यंत देवधर्माचे खाते वहीत ठेवावे की नाही. काशीयात्रेला निघणारा पूर्वी देणी भागवून मगच निघे, आणि हजला जाणाऱ्यावरही तेच बंधन आहे. तेव्हा शिर्डीची सहल व पाच सुवासिनींचे जेवण पुढे ढकलण्यास हरकत नाही, असे मी म्हटले. गणपती मात्र ठेवावा, शाडूचा, लहान. त्यांच्या पत्नीने त्यावर सांगितले की ते खाते आधीच आहे, श्रावणापासून दरमहा दोनशे, आणि ते वहीत आपण स्वतःच्या हाताने लिहिलेले आहे. मला ते दिसले नव्हते.

एक प्रश्न उरतो, पित्याच्या ऋणाचा. ते पुत्राने फेडावे, मद्य, द्यूत व व्यभिचार यांसाठी काढलेले मात्र फेडू नये, असा धर्मशास्त्राचा दंडक होता, आणि इंग्रजी न्यायालयांनीही तो पुत्राचे धार्मिक कर्तव्य म्हणून अनेक वर्षे अमलात आणला. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हे कर्तव्य गेले. त्यानंतर काढलेल्या कर्जाची वसुली आता केवळ पुत्रधर्माच्या आधारावर कोणत्याही न्यायालयात मागता येत नाही. कायदा योग्यच झाला, कारण धर्म बेलिफाच्या हाती देण्याची वस्तू नव्हे. आमच्या गृहस्थांच्या वहीत अगदी शेवटच्या पानावर एक खाते आहे. वडिलांनी सुलतान बाजारातील एका जुन्या शेजाऱ्याकडून हातउसने घेतलेले चाळीस हजार, ज्यांचा कागद नाही, साक्षीदार नाही, आणि ज्यांच्याविषयी त्या शेजाऱ्याने कधी अवाक्षर काढलेले नाही. त्या खात्यावर दर दोन-तीन महिन्यांनी हजाराची नोंद आहे. शेजारी पैसे घेताना कुरकुर करतो, चहा पाजल्यावाचून सोडत नाही, आणि पावती मागितली की हसतो.